अफनान नाचला तवा मी काय केलं

आयका, पोट्टेहो. पयले शप्पथ घेते, मंगच तोंड उघडते. माह्या तातीची शप्पथ, ज्या बकऱ्याच्या आतड्याची ते तात झाली त्या बकऱ्याची शप्पथ, अन् पातूरच्या ज्या झाडाचं मी लाकूड हाय त्या झाडाची शप्पथ. मी सांगून राहिली त्यातला एकूणएक शब्द खरा हाय. कोनी म्हनलं का बुढी फेकते, तर त्याच्या उशीत सरकी निघो अन् रातभर त्याच्या कानाले टोचो.

तर मी एक जुनी धुनकी हाय. आता तुमी फोमच्या गादीवर लोयनारे, तुमाले धुनकी कायले मालूम असन. मानसाएवढी लांब लाकडी दांडी, एका टोकाले रुंद पाट, दुसऱ्या टोकाले वाकडं नाक, अन् दोघाईच्या मधात ताणलेली तात. मले दोरीनं छताले टांगतात. खाली जुन्या गादीतला कापूस पसरतात, दबून दबून पार ढेकूल झालेला. मंग पिंजारी डाव्या हातानं मले धरते अन् उजव्या हातातली मुठिया तातीवर मारते. मुठिया म्हनजे मधात बारीक अन् दोन्ही बाजूनं जाड असा लाकडाचा ठोकया. ठुंन असा आवाज होते, तात थरथरते, अन् ढेकलाचा धूर होऊन हवेत उडते. त्याच कापसात तुमच्या आज्या-पंज्याईनं झोपा काढल्या. मास्तर लोक अशा टाइमाले 'मित्रांनो' म्हनतात. म्हना तसं. पन मित्र असते तर कवा तरी भेटाले आले असते ना.

माहा मालक कुर्बान पिंजारी. पातूरच्या सुतारानं मले त्याच्यासाठी घडवलं तवा कुर्बानले नुसतं मिसरूड फुटलं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात आमी दोघं कामाले लागलो. घरात हे लोक हिंदी-उर्दू बोलतात, गल्लीत वऱ्हाडी. मी गल्लीत फिरून फिरून मोठी झाली, त्याच्यानं मी सगयाईचं बोलनं वऱ्हाडीतच सांगते.

एक गोष्ट ध्यानात ठेवजा, पुढं कामाले येईन. पिंजारी गल्लीत शिरला का भाजीवाल्यावानी आरोळी नाई मारत. मले खांद्यावर घेते अन् चालता चालता बोटानं तात छेडते. ठुंन, ठुंन. तेवढ्यावर बायका पलंगावरच्या पोराले खाली लोटून गादी ओढून आनतात. माहा आवाज म्हनजेच आमच्या दुकानाची पाटी.

काय ते दिवस होते बाप्पा. एका थंडीत आमी बडनेऱ्याले रेल्वेवाल्याईच्या क्वार्टरमंदी गाद्या पिंजाले गेलो. त्या दिवशी कुर्बान असा रंगात आला अन् आमी एवढा कापूस उडवला का टेसनावर गाडी थांबली. ड्रायव्हरले वाटलं धुकं पडलं. टेसन मास्तर कंदील घेऊन आला अन् कुर्बानले म्हने, "मिया, जरा हळू पिंजा, मुंबईचे लोक खोळंबले." अन् वापस येताना टीसीनं माहंही तिकीट मागतलं. म्हने बाई उभी हाय त काय झालं, तिकीट लागतेच.

पन खरी पाह्याची गोष्ट कापूस नोती. कुर्बान होता. पिंजताना तो एक पाय पुढं टाके, गुडघ्यात लचके, कंबरेतून वाके, खांदा असा फिरवे का मुठिया तातीवर पडता पडता वापस निघे. कपाळावर पानी, पापन्याईवर कापूस, अन् तोंडावर असं हसू जसं का आतल्या आत कोनी ढोल वाजवून राहिलं. तो दिवसभर नाचे. पन त्याले कवा कोनी नाचनारा म्हनलं नाई. काहून, का त्याच्या हातात मी होती.

मंग कुर्बानचा पोरगा नांदगाव पेठेले कापडाच्या कारखान्यात लागला. तठीसाच राहे, इतवारी घरी ये. त्याच्या नोकरीपायी आमचं बिऱ्हाड अकोल्याहून अमरावतीले आलं. नवी गल्ली, समोर एक खोली दुकानाची, मागं राहाची. इथीही लोक वळखाले लागले. पन हळूहळू फोम आला, पिंजाची मशीन आली, अन् एका सकायी कुर्बानचा उजवा हात उठलाच नाई. लकवा. पाय घसटत चालते, बोलते बरोबर, पन हात मांडीवर मेलेल्या पाखरावानी पडून राहते.

त्या दिवसापासून तो दुकानात आला नाई. मागच्या खोलीत खाट टाकली, ते बी आमच्या मधातल्या भिंतीले लागून. भितीच्या त्या बाजूले तो, ह्या बाजूले मी. त्याचा खोकला मले आयकू ये. दुकानाले कुलूप. कोळ्यानं माह्या पाटापासून नाकापर्यंत जायं विणलं. तोच एक नातेवाईक उरला होता, अन् तो बी माश्याईच्या लालचीनं आलेला.

आता अफनानचं आयका. हा कुर्बानचा नातू, धाव्वीतला. त्याची माय शाहीन, शिवनकामाले जाते, दिवस मावयता येते. घरात बुढा अन् पोरगा, दोघंही मुक्यावानी.

पोरगा पयले असा मुका नोता. झालं असं का शाळेत गॅदरिंगची तयारी चालली होती. बाहेर ढोल वाजून राहिला होता, हा वर्गात एकटा. वाटलं कोनी नाई. पाय हालले, मंग कंबर हालली, मंग सगया पोरगाच हालला. अन् खिडकीतून गुलफाम त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून राहिला होता. गुलफाम आमच्याच गल्लीतला, त्याच्याच बाकावर बसनारा. त्यानं तो व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला अन् खाली लिवलं, "पिंजाऱ्याची नागीन."

झालं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात पोट्टे हाताचा फना करून उभे. एक जन नाकानं बीन वाजवे. त्या दिवसापासून अफनान असा चाले जसा का कोनी त्याले पोत्यात भरून तोंड शिवलं. हात खिशात, मान खाली. लग्नात गेला तर जेवून वापस. ढोल आयकू आला का रस्ता बदले.

मले हे कसं मालूम, म्हनान तुमी. त्यानंच सांगतलं. मले नाई त कोनाले सांगन.

एका दुपारी तो दुकानाचं कुलूप उघडून आत आला. शाहीननं जुनी चादर काढाले सांगतली होती. चादर काढता काढता त्याचं कोपर माह्या तातीले लागलं. ठुंन. तो दचकला. मंग त्यानं जायं झटकलं, मुठिया उचलली अन् हळूच मारली. पोट्टेहो, कितीक दिवसानं कोनी मले हात लावला होता. मी अशी वाजली का भितीवरची पाल खाली पडली.

त्यानं अजून एकडाव मारली. अन् त्याचा पाय पुढं आला. आपोआप. कुर्बानचा पाय येत होता तसाच. त्यानं दार आतून लावलं.

मंग रोज. शाहीन कामाले गेली, बुढा आडवा झाला का हा दुकानात. डाव्या हातानं मले धरे, उजव्यानं मुठिया मारे, अन् नाचे. कोपऱ्यातला जुना कापूस पायानं उडे अन् त्याच्या केसात, भुवयाईत बसे. लचकला का कुर्बान दिसे, गिरकी मारली का दुसरं कोनीच नाई, तो स्वताच. एवढा मोकया मी त्याले कवा पायला नाई. दम लागला का माह्या दांडीले डोकं टेकून बोले.

"बुढी, कोनी आलं त सांगू पिंजून राहिलो म्हनून. पिंजताना कंबर हालतेच ना?"

मी तात ताणून उभी.

"हातात काही असलं का लोकाईले वाटते मानूस काम करून राहिला. रिकाम्या हातानं हालला का पागल." असं म्हने अन् अजून घट्ट धरे मले. मले बरं वाटे. खरं सांगू का, मले वाटे ह्यानं असंच घाबरत राहावं अन् रोज यावं. एकटं मानूस लय मतलबी होते, मी त लाकूडच.

मंग एका दिवशी शाहीन भाकरी वाढता वाढता म्हनली, ते मले भितीतून आयकू आलं, "दुकानाची खोली पायल म्हनून एका पोरीले देऊन राहिलो, पार्लर टाकते ते. इतवारी तुहे अब्बा येतीन अन् धुनकी काढून जिन्याखाली ठेवतीन."

अफनान म्हनला, "खोली राहू दे ना अम्मी."

"काहून? काय करतं तू तठी?"

"काही नाई."

 कुर्बान खाटेवर खोकलला.

शनिवारी दुपारी शाळा सुटली अन् अफनान धावतच आला. त्याले मालूम होतं, ही शेवटची दुपार. उद्यापासून अमरावतीत असा एक कोपरा राहनार नोता जिथं त्याले हातपाय हालवता येतीन. त्यानं दार लावलं अन् मुठिया अशी मारली, अशी मारली का माही तात तुटते का काय वाटलं. रोज तो भीतभीत वाजवे. त्या दिवशी त्याले भान नोतं.

अन् आता ते ध्यानात ठेवलेली गोष्ट काढा. दिवाळी होऊन गेलेली, थंडी उंबऱ्यावर आलेली. गल्लीतल्या बायका गाद्या-रजया उन्हात टाकून बसल्या होत्या. त्याईच्या कानावर ठुंन, ठुंन पडलं. त्याईले काय वाटन? कुर्बान पिंजाऱ्याचा हात बरा झाला, दुकान उघडलं.

सगयात पयले मैनाबाई आली, शेजारची. डोक्यावर गादी, गादीखाली मैनाबाई दिसेच ना. तिच्या मागं पुंजाजी कोतवाल रजई पाठीवर घेऊन. मंग अजून बाया, उशा, तक्के, लोड. गल्ली गाद्याईनं भरली, सायकलवाला निघू शके ना. अन् आतमंदी आमी दोघं आमच्या नादात.

"कुर्बानभाई, उघडा. माह्या गादीचं पयले घ्या, मंग पुंजाजीचं," मैनाबाईनं दारावर थाप मारली.

अफनान जाग्यावर थिजला. माही तात थरथरतच होती.

"आवाज त येऊन राहिला," पुंजाजी म्हनला. "बुढा बयरा झाला का काय."

दाराची कडी जुनीच. मैनाबाईनं गादीसगट धक्का देला अन् कडी निघून आली. उजीड आत आला. अन् उजिडात अफनान, केसापासून पायापर्यंत कापसानं पांढरा, एक पाय हवेत.

"बुद्धा बुद्धा," मैनाबाई दोन पावलं मागं सरली. "हे कोन व्हय, बाहुला का मानूस?"

लोक हासले. सगयाईच्या मागं, आज्जीची उशी काखेत मारून, गुलफाम उभा होता. त्यानं उशी खाली ठेवली अन् खिशातून मोबाइल काढला.

मैनाबाईनं जवय येऊन अफनानच्या गालावरचा कापूस पुसला. "अरे, हा त कुर्बानभाईचा नातू. पिंजून राहिला का बाबू? आज्याचं काम शिकला का?"

हेच ते. ह्याच्यासाठीच त्यानं इतके दिवस मले हातात धरलं होतं. त्याले काही सांगाची गरजच राहिली नाई, मैनाबाईनंच घरून डबा आनावा तसं बहानं आनून देलं.

"हाव," अफनान म्हनला. "पिंजून राहिलो."

"शाबास. मंग घे." अन् तिनं शिवन उसवून गादीतला कापूस धप्पकन खाली टाकला.

आता काय करन. त्यानं मले कापसावर धरलं अन् मुठिया मारली. पोट्टेहो, नाचनं अलग अन् पिंजनं अलग. तात कापसात अडकली, गोये उडाले अन् एक गोया जाऊन पुंजाजीच्या मिशीले चिकटला. त्यानं अजून मारली. मी अशी वाजली जसं का फुटकं भगोनं.

"असं कुठं पिंजतात का बाबू," मैनाबाई म्हनली. "माही गादी हाय ते, पोहे नाई."

तवा मधातल्या दारातून पाय घसटल्याचा आवाज आला. कुर्बान. ज्या उंबऱ्यावर तो लकव्यापासून आला नोता त्या उंबऱ्यावर उभा, डाव्या हातानं चौकट धरून.

"त्याले पिंजता येत नाई, मैनाबाई," तो म्हनला.

"मंग काय करून राहिला तो?"

"नाचून राहिला."

जसं का 'त्याले ताप हाय' म्हनावं तसं म्हनला. अफनाननं त्याच्याकडं पायलं. त्या पोराच्या डोयात काय होतं ते मी सांगू शकत नाई, माह्याजवय तेवढे शब्द नाईत. आपल्या घरच्या मानसानंच आपलं पोतं उसवून चौकात ओतावं, तसं होतं ते.

"भितीले कान लावूनच निजतो मी," कुर्बान म्हनला. "उभी जिंदगी तात वाजवली. पिंजाचा ठोका अलग राहते, हा अलग. रोज दुपारी आयकतो. ज्या दिवशी वाजत नाई त्या दिवशी मले झोप येत नाई."

गुलफाम मागून फुस्सकन हासला. "नागीन," कोनी तरी म्हनलं. गाद्याईच्या मागं शाहीन उभी होती, कामावरून लवकर आलेली, हातात कपड्याची पिशवी. 

अफनाननं मले दोरीवरून सोडवलं. मले वाटलं, आता हा मले खांद्यावर घेईन अन् पयून जाईन. त्यानं मले भितीले टेकवून उभं केलं. मुठिया माह्या पायाशी ठेवली. अन् खोलीच्या मधात येऊन उभा राहिला, दोन्ही हात रिकामे. ते रिकामे हात कुठं ठेवावं त्याले समजे ना. खिशाकडं गेले, अन् वापस आले.

पोरगा हालेच ना. लोक वाट पाहेत. तवा, पोट्टेहो, मी आपोआप वाजली. ना मुठिया, ना बोट. माह्या तातीतून असा ठुंन निघाला का खिडकीचे गज हालले. अन् वाजतच राहिली. त्याच्या पायाले ठोका भेटला.

एक पाय पुढं आला. गुडघा लचकला, खांदा फिरला. कुर्बानचं सगयं पिंजनं होतं त्यात, फक्त धुनकी नोती, मुठिया नोती. हवाच पिंजून राहिला तो. पयले लाकडावानी, मंग हळूहळू सैल. अंगावरचा कापूस उडे अन् दारातून येनाऱ्या उन्हात तरंगे. गिरकी घेतली तवा सगया खोलीभर पांढरं पांढरं झालं. गुलफामचा मोबाइल वर होता का खाली, मी पायलं नाई. अफनाननंही पायलं नाई.

तो थांबला, धापा टाकत. कुर्बान पाय घसटत माह्यापाशी आला अन् डाव्या हाताचं बोट माह्या तातीवर ठेवलं. माहा आवाज त्यानं बंद केला.

मैनाबाईनं नाक पुसलं. "कंबरेत अगदी आज्यावानी वाकते," ते म्हनली. "पन माही गादी आता कोन भरन?"

मंग त्या दुपारी सगयाईनं मिळून तो कापूस हातानंच तोडून गादीत कोंबला. ते गादी आजही एका बाजूनं उंच हाय, मैनाबाई रोज घसरते अन् रोज शिव्या देते. शाहीन दारात येऊन अफनानले येवढंच म्हनली, "केस बाहेर झटक. घरात कापूस पसरन." पन ते त्याचे केस स्वताच झटकाले लागली. गुलफाम आज्जीची उशी तशीच घेऊन गेला. व्हिडिओ त्यानं टाकला का नाई, ते मले मालूम नाई.

इतवारी मले जिन्याखाली ठेवलं. पायलच्या पार्लरात आता हवा गरम करनाऱ्या मशीनी आहेत, त्याईचा आवाज काही खास नाई. अफनान आता शाळेच्या मोठ्या अंगनात नाचते, तालमीले अकोल्याले बसनं जाते, मंचावर चढते म्हने. काही पोट्टे अजूनही फना काढतात. तो फन्याच्या मधातून निघून जाते. माह्याकडं तो फारसा येत नाई. त्याले माह्याशी बोलाचं काही राहिलं नाई. चांगलंच हाय ते. पन जिन्यावरून कोनी उतरलं का मी पावलं वळखाले पाहते. अठी एक सायकल हाय, चाक नसलेली. ते काही बोलत नाई. कोळी वापस आला हाय.

म्हनून सांगते, मित्रांनो, बुढीचं आयका. घरात जुनी चीज असन त कवा तरी हात लावत जा. तात असन त ढिली करून ठेवा, ताणलेली राहिली का एका दिवशी कोनी नसताना तुटते. भितीच्या पल्याड कोनी बुढा असन त त्याले समजते हे ध्यानात ठेवा. अन् एखादं पोरगं रिकाम्या हातानं हालत असन त त्याले 'काय करून राहिला' असं नका इचारू. दुसरीकडं पाहा, नाईत नीट पाहा.

झालं. सांगून झालं.

आता उशीतल्या सरकीचं म्हनान तुमी, त एक गोष्ट राहिली. बडनेऱ्याची गाडी थांबली होती, ते खरंच हाय. टीसीनं तिकीट मागतलं, ते बी खरं. पन मी आपोआप वाजली म्हनली ना, ते नाई. मी वाजली नाई. भितीले टेकून मुकी उभी होती. त्या खोलीत काहीच वाजत नोतं. तो पोरगा बिना आवाजाचाच नाचला, तेवढ्या लोकाईसमोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याले माही गरज पडली नाई, अन् हे सांगाले मले जड गेलं म्हनून मी तो ठुंन मधात घातला.

कुर्बाननं तातीवर बोट ठेवलं, ते मातर खरं. तो आवाज बंद कराले आला नोता. आवाज होताच कुठं. तो मले भेटाले आला होता.